दराचा रकाना

हॅन्कॉक गावाखाली डेलावेअरच्या दोन शाखा मिळतात,
पूर्वेची कोमट, पश्चिमेची धरणाच्या तळातून आलेली, गार.
व्हर्ना टीझडेल म्हणाली, गुडघाभर पाण्यात उभी राहा,
शिवण कळेल.
मी आले होते किंमत ठरवायला,
बिंगहॅम्टनहून चाळीस मैल, मागच्या सीटवर फॉर्मचा गठ्ठा.

ऑरिन मार्चमध्येच गेला होता.
शेडमध्ये त्याचे रंधे होते, पोलादाचा साचा होता
इंचाच्या हजाराव्या भागाने उघडणारा,
आणि भिंतीला टेकलेले चीनचे बांबू,
आगीवर शेकून तांबूस केलेले.
एका काठीला सहा चिपा. प्रत्येक तिकोनी,
शेंड्याला काडेपेटीतल्या काडीहून बारीक.
सांधा शोधायला मी नख लावलं. नख घसरलं.

बांबू मला कळतो.
आडनाव सांगितलं की गावात लोक विचारत,
सूप आहे का तयार?
वडील कळक चिरायचे. कोयता एकदाच बसायचा,
पुढचं बांबू स्वतःच करायचा, कडकडत, शेवटच्या पेरापर्यंत.
आई कांबट्या सोलायची, विणायची,
बोटांत कुसळं, रात्री त्यांवर हळद-तेल.
सूप अडीच रुपये. गिऱ्हाईक म्हणायचं, दोनला दे,
गवतच तर आहे.
खोटं नाही. गवतच आहे.
फक्त तिरडीच्या बांबूंची घासाघीस कोणी करत नसे.
वडीलही आकडा सांगत नसत.
उंबऱ्यावर कुणी ठेवेल ते
उशिरा उचलत, न मोजता.

ऑरिनची वही:
एकोणीसशे अडुसष्ट, काठी क्रमांक एकतीस,
पंचेचाळीस तास, पंच्याऐंशी डॉलर.
काठी क्रमांक बत्तीस, दंतवैद्याला, दोन दाढांच्या बदल्यात.
त्याच वर्षी हार्डवेअरच्या दुकानात
फायबरग्लासची काठी बारा डॉलरला होती,
आणि ती मोडत नसे.
एकतीस नंबर गेल्या हिवाळ्यात लिलावात
अडतीसशेला गेला.
"आमच्या वाट्याला त्यातलं काही नाही," व्हर्ना म्हणाली,
उद्या धुकं पडेल म्हणावं, तशी.

खुंटीवर तीन उरल्या होत्या. रेशीम गुंडाळलेलं, वार्निश सुकलेलं,
सही नाही.
मी सांगितलं, सही असती तर प्रत्येकी तीन हजारांच्या वर,
नसेल तर चारशे. घेणारे अक्षर ओळखतात.
ती हसली.
ऑरिनचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
ते लफ्फेदार अक्षर पहिल्या काठीपासून माझं.
नाव त्याचं, हात माझा.

तिने खणातून टाक काढला,
घट्ट झालेली शाईची बाटली कोमट पाण्यात धरली.
"आता केली तर खोटी होईल का?"

फॉर्मवर रकाने पुष्कळ आहेत. या प्रश्नाला नाही.
मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं,
त्याचेच मला पैसे मिळतात.
सुपाच्या काठावर कुणाचं नाव असतं?
वडील विकायचे, म्हणून लोक म्हणायचे
वडिलांची सुपं.

दोन काठ्या तिने तशाच कापडी पिशवीत सरकवल्या.
तिसरी दिव्याखाली घेतली,
आणि मुठीच्या वर, श्वास रोखून, लिहिलं
व्हर्ना.
पुढे आडनाव नाही. फुंकर घातली.
"आता किती?"

मी चारशे लिहिलं. खोडलं.
वर काही लिहू गेले, पेन्सिलचं टोक मोडलं,
बरंच झालं.

तोवर ती अंगणात.
दोर नाही, गळ नाही, पायात घरातल्या सपाता.
मनगट हललं, मग काठी हलली,
शेंडा पुढे गेला, थबकला, मागे आला,
आणि हवेत असा आवाज झाला
जसा कोणी पलीकडच्या ओसरीवर
तांदूळ पाखडतंय.